पहिली एए मीटिंग: कशी शोधायची, कुठली निवडायची, गेल्यावर काय होतं

दारू सोडायचं मनावर घेतलेल्या माणसाला डॉक्टर, घरचे, शेजारचे सगळे एकच सांगतात, "एएला जा." जायचं कुठे, तिथे कोण असतं, पैसे किती लागतात, ओळखीचं कोणी भेटलं तर काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. मग तो कशीबशी एखादी मीटिंग गाठतो, ती त्याला रुचत नाही आणि "एए करून बघितलं, आपल्याला नाही जमत" म्हणून परत फिरतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशन करताना हे वाक्य मी सतत ऐकते. खोदून विचारलं की कळतं, एकच मीटिंग झालेली असते, तीही घरापासून दोन बस लांब, न समजणाऱ्या भाषेत, नाहीतर नको त्या वेळी.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले. दोघेही दारूने पार खचलेले होते. पिणाऱ्याने पिणाऱ्याशी बोललं की त्या दिवसापुरती दारू लांब राहते, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून ही फेलोशिप उभी राहिली. भारतात ती १९५७ साली सुरू झाली. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू थांबवण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे. 'मी खरंच व्यसनी आहे का' याचा निकाल लागेपर्यंत थांबायचीही गरज नाही. बरेच जण म्हणतात, मी श्रावण कडक पाळतो, गणपतीत शिवत नाही, म्हणजे मी व्यसनी कसा? श्रावण संपायची वाट ज्या आतुरतेने बघितली जाते, तिचा प्रामाणिकपणे विचार करा आणि एकदा जाऊन बसा. बसल्याने कुठला शिक्का बसत नाही.

ही नुसती श्रद्धेची गोष्ट आहे का, असं सुशिक्षित घरांमध्ये हमखास विचारतात. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे निष्कर्ष पडताळणाऱ्या संस्थेच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र तपासली होती. दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत, माणसाला एएशी जोडून देणारी पद्धतशीर उपचारपद्धती इतर मान्य उपचारांच्या तोडीस तोड आणि काही बाबतींत सरस ठरली.

आधी शरीराकडे बघा

मीटिंग शोधण्याच्या आधीचं हे काम आहे आणि ते कृपा करून टाळू नका. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने, विशेषतः सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घ्यावा लागणाऱ्याने, एका झटक्यात दारू बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच घाम, थरथर, मळमळ, झोप उडणं असे त्रास सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भास होतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागतो, ताप चढतो. अशा वेळी घरात कोंडून ठेवणं किंवा "थोडी पाजा, शांत होईल" असं म्हणणं हा उपाय नव्हे, सरळ हॉस्पिटल गाठा. पूर्वी कधी अशी फिट आली असेल तर दारू थांबवायच्या आधीच डॉक्टरांना सांगा. जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे दारू उतरवण्याचे उपचार मिळतात. मीटिंगमध्ये औषधोपचार होत नाहीत, ती त्यांची जागा नाही.

घरच्यांनाही हात जोडून एक सांगते. न सांगता आमटीत, चहात मिसळायच्या गोळ्या किंवा पावडर आणू नका. डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठी दिलं जाणारं औषध पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. हे औषध चांगलं आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याला पूर्ण माहिती असेल तरच.

कोणासाठी कुठला ग्रुप

पिणाऱ्यासाठी एए. गर्द, गांजा, गोळ्या यांचंही व्यसन असेल तर नार्कोटिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एनए. नवरा, मुलगा, भाऊ पितो म्हणून जे घर होरपळतंय, त्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे आणि किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन. पिणारा माणूस कुठेही जायला तयार नसला तरी त्याची बायको, आई अल-अॅनॉनला आजच जाऊ शकते. हे फार जणींना माहीत नसतं.

एएच्या बाहेरही आधार आहे. पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ सालापासून काम करतंय. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते उभं केलं आणि पु. ल. देशपांडे यांच्या देणगीने त्याला बळ मिळालं. उपचार घेऊन गेलेल्यांसाठी तिथे पाठपुराव्याच्या सभा असतात, पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. मुंबईत वांद्र्यातून १९८१ साली फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं, त्यांच्या कामात योगालाही मोठं स्थान आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी पिणारे आहेतच. तिथे मुक्तिपथ या व्यसनमुक्ती कार्यक्रमाची तालुक्याच्या ठिकाणची क्लिनिकं उपयोगी पडतात.

पत्ता कसा मिळवायचा

'एए इंडिया' असं शोधलं की मुंबईतल्या मुख्य कार्यालयाची वेबसाईट आणि हेल्पलाईन सापडते. तिथून तुमच्या शहरातल्या ग्रुपचे वार, वेळा आणि ठिकाणं कळतात. यादी मात्र कधीकधी जुनी असते. शाळेची खोली बदलते, वार बदलतो. म्हणून यादीवर विसंबून थेट जाऊ नका, आधी फोन करा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाईन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६, दोन्ही मोफत आहेत. टेली-मानसवर मराठीत बोलता येतं. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मनोविकार विभागातल्या सोशल वर्करकडेही त्या भागातल्या मीटिंगची पक्की माहिती असते. हा मार्ग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

फोन लावणं अनेकांना मीटिंगपेक्षाही अवघड वाटतं, तेव्हा नेमकं काय बोलायचं ते सांगते. "दादा, मला दारूचा त्रास आहे, पहिल्यांदाच यायचंय. आमच्या भागात मराठीत मीटिंग कधी असते? ओपन आहे की क्लोज्ड? गेटवर कोणी भेटेल का?" बस, एवढंच. ओपन, क्लोज्ड म्हणजे काय ते पुढे सांगते. पलीकडचा माणूस बहुधा स्वतः एकेकाळी असाच फोन केलेला असतो. तो तुमची कहाणी मागणार नाही. सांगावीशी वाटली तर मात्र निवांत ऐकून घेईल. रात्री उशिरा, प्यायलेल्या अवस्थेत लावलेला फोन सकाळी धड आठवत नाही, म्हणून पेन जवळ ठेवा आणि वार, वेळ, खोली, खुणेची जागा लिहून घ्या.

निवडताना काय बघायचं

माझा पहिला निकष वेळ. दिवसातल्या कुठल्या वेळी पाय दारूकडे वळतात? कामावरून सुटल्यावर स्टेशनबाहेरच्या परमिट रूमकडे, साडेसात-आठला सोसायटीच्या मागे 'बसायला', की रविवारी दुपारी जेवणाआधी? त्याच वेळची किंवा तिच्या जरा आधीची मीटिंग शोधा. संध्याकाळी सातला तलफ येणाऱ्याने रविवारी सकाळी अकराची मीटिंग निवडली, तर मन प्रसन्न होईल, पण आठवड्याच्या उरलेल्या सहा संध्याकाळी मोकळ्याच राहतील. सात ते साडेआठ एका खोलीत बसून काढले, वर चहा आणि घरी परतायचा वेळ धरला, की वाईन शॉपच्या शटरची वेळ जवळ आलेली असते. सुरुवातीच्या दिवसांत या साध्या हिशेबाचा मोठा आधार होतो.

दुसरा निकष अंतर. उत्साहाच्या दिवशी पोहोचता येतं की नाही हे बघू नका. पाऊस पडतोय, साहेब ओरडलाय, घरी भांडण झालंय, अशा दिवशी पोहोचता येईल का ते बघा. चालत किंवा एका रिक्षाने जाता येणारी साधीशी मीटिंग, लांबच्या नावाजलेल्या ग्रुपपेक्षा बरी. जाण्याचा रस्ताही तपासा. वाटेत तुमचा नेहमीचा गुत्ता लागत असेल तर दुसऱ्या गल्लीने जा. आपल्याच वस्तीत जायची लाज वाटते, कोणी बघेल, ही भीती खरी आहे. मग सुरुवातीला एक स्टेशन पुढची मीटिंग धरा, हरकत नाही. फक्त हे ध्यानात घ्या की आत तुम्हाला ओळखणारा जो भेटेल, तोही त्याच कारणासाठी आलेला असेल.

तिसरा भाषा. मुंबईत इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतरही भाषांत मीटिंग होतात, गोव्यात इंग्रजी आणि कोंकणी कानावर पडते. इंग्रजी उत्तम येणाऱ्यांनाही मी सांगते, एकदा मराठी मीटिंगला बसून बघा. बायकोच्या मंगळसूत्राबद्दल, बापाच्या तेराव्याला प्यायल्याबद्दल, मुलाच्या शाळेच्या फीबद्दल बोलायची वेळ येते तेव्हा माणूस घरच्या बोलीतच मोकळा होतो. उलटही घडतं. कुणाला घरच्या भाषेत हे उच्चारणंच जड जातं आणि परकी भाषा सोपी वाटते. ते तुमचं तुम्ही ठरवा.

मग प्रकार. ओपन मीटिंगला कोणीही बसू शकतं: पत्नी, भाऊ, डॉक्टर, विद्यार्थी. क्लोज्ड मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. सोबत कोणी हवं असेल तर पहिल्यांदा ओपनला जा, पण पुढे क्लोज्डची सवय करा. बायको शेजारी बसलेली असताना पुरुष अर्धंच बोलतो, हे मी इतक्या वेळा बघितलं आहे की आग्रहाने सांगते. काही मीटिंगमध्ये एकच वक्ता आपली पूर्ण कहाणी सांगतो, काहींत सगळे थोडंथोडं बोलतात, काहींत दारूपासून लांब राहण्यासाठी एएने आखलेल्या बारा पायऱ्यांपैकी एकेक वाचून त्यावर बोलतात. नव्या माणसाला बहुधा पहिले दोन प्रकार रुचतात.

बायकांचा मुद्दा वेगळा आहे. पिणाऱ्या बाईला समाज पुरुषाहून दसपट झोडपतो, त्यामुळे ती शेवटपर्यंत लपवते. वीस पुरुषांच्या खोलीत एकटीने शिरणं सोपं नाही. फोनवरच स्पष्ट विचारा, "ग्रुपमध्ये बायका येतात का? त्यांच्यापैकी कुणाशी आधी बोलता येईल का?" मोठ्या शहरांत आणि ऑनलाईन फक्त बायकांच्या मीटिंगही असतात. दिवसा, मुलं शाळेत असतानाची मीटिंग मिळाली तर सुरुवात बरीच सोपी होते.

पहिल्या दिवशी

दहा मिनिटं आधी पोहोचा. उशिरा गेलं की सगळे वळून बघतात आणि तिथेच धीर सुटतो. महापालिकेची शाळा, चर्चचा हॉल, दवाखान्यातली खोली, असं कुठेही ठिकाण असतं. शाळा असेल तर चौथीच्या मुलांच्या बाकांवर पन्नाशीची माणसं गुडघे दुमडून बसलेली दिसतील. फळ्यावर सकाळचं गणित अर्धवट पुसलेलं. टेबलावर पुस्तकं, काही छापील पट्ट्या आणि एक कार्ड, ज्यावर इथे पाहिलं-ऐकलं ते इथेच ठेवून जा, अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. सुरुवातीला क्षणभर शांतता, एएची ओळख वाचून दाखवतात, मग शेअरिंग. बोलणारा उठून नाव सांगतो, "मी अमुक, मद्यपी," आणि बाकीचे त्याच्या नावाने स्वागत करतात. तो बोलत असताना मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, उलटतपासणी करत नाही.

पहिल्यांदा कोण आलंय, असं विचारतात. हात वर केलात तर बरं, नाही केलात तरी चालतं. बोलायला बोलावलं तर "मी आज फक्त ऐकायला आलोय" हे वाक्य पुरेसं आहे. नाव खरंच सांगितलं पाहिजे असंही नाही. मधे एक पिशवी किंवा डबा फिरतो. चहा आणि खोलीचं भाडं सभासदांच्या वर्गणीतूनच निघतं, बाहेरची देणगी एए घेत नाही. नवा माणूस काही न टाकता पिशवी पुढे देऊ शकतो. शेवटी प्रार्थना होते. साधारण तासा-दीड तासात सगळं आटोपतं.

त्या दिवशी प्यायला असाल तर? तरी जा. गाडी मात्र चालवू नका. शांत बसून ऐका, बोलणं पुढच्या वेळेसाठी ठेवा. गोंधळ घातला तरच बाहेर थांबायला सांगतील.

देवाचं काय, हा प्रश्न राहतोच. बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे, पण 'ज्याला जसा उमजला तसा'. एए कुठल्याही धर्माशी बांधलेली नाही, मीटिंग चर्चमध्ये भरली म्हणून ती ख्रिस्ती होत नाही. माळ घातलेले वारकरी, नमाजी, विपश्यना करणारे, कट्टर नास्तिक, सगळे एका खोलीत बसलेले मी पाहिले आहेत. नास्तिकांपैकी कित्येक जण ग्रुपलाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. तेही जमत नसेल तर स्मार्ट रिकव्हरीसारख्या देवाधर्माशिवाय चालणाऱ्या गटांच्या ऑनलाईन मीटिंग शोधा.

मीटिंग संपल्यावर लगेच पळू नका

चहासाठी थांबा. खरी ओळख तिथेच होते. दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्या आणि दुसऱ्याच दिवशी, काही काम नसताना, त्यातल्या एकाला फोन करा. तलफ आलेल्या क्षणी अनोळखी नंबर फिरवायला बोटं उचलत नाहीत, आधी एकदा बोलणं झालेलं असलं तरच उचलतात. काही दिवसांनी स्पॉन्सरचा विचार करा. स्पॉन्सर म्हणजे बराच काळ दारूपासून लांब राहिलेला अनुभवी सभासद, जो पायऱ्यांमधून तुम्हाला घेऊन जातो. पुरुषाने पुरुष आणि बाईने बाई निवडावी, ही जुनी रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे. ज्याचं बोलणं सगळ्यात छान त्याच्यापेक्षा, जो फोन उचलतो त्याला निवडा.

जमत नसेल तर

एका मीटिंगवरून ठरवू नका. वेगवेगळ्या पाच-सहा ग्रुपना बसून बघा. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. एखादा शिस्तीचा, एखादा हसतखेळत चालणारा, एखाद्यात सगळे साठीपुढचे, एखाद्यात आयटीतली पोरं. कोणाची कहाणी तुमच्याहून भयंकर असली की मन लगेच म्हणतं, "मी काही एवढा वाया गेलेलो नाही." अशा वेळी घटना सोडून द्या आणि तो माणूस त्या वेळी मनातून काय भोगत होता, ते ऐका.

काही गोष्टी मात्र खपवून घेऊ नका. मानसोपचाराच्या गोळ्या बंद कर असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ते डॉक्टरांचं काम आहे आणि औषधांबद्दल एए स्वतः कुठलंही मत देत नाही. उसने पैसे मागणं, पॉलिसी किंवा प्लॉट विकणं, नव्या बाईशी सलगी करणं, आतली गोष्ट बाहेर बोलणं, यातलं काही दिसलं तर ग्रुपच्या जुन्या सभासदांच्या कानावर घाला आणि दुसरा ग्रुप बघा. ग्रुप बदलला म्हणून कोणी रागावत नाही.

गावात ग्रुपच नसेल तर फोनवरून किंवा झूमवरून मराठी, हिंदी मीटिंगला बसता येतं. कानाला हेडफोन लावा आणि खोलीचं दार ओढून घ्या, म्हणजे इतरांची गोपनीयता राहते. आठवड्यातून एकदा तरी जवळच्या तालुक्याला प्रत्यक्ष जा. आणि एएच्या परंपरेप्रमाणे दारूपासून लांब राहण्यासाठी दोन-तीन मद्यपी एकत्र बसले तरी तो ग्रुप होऊ शकतो. परदेशातल्या मराठी माणसांनी घराजवळच्या मीटिंगला जावंच, शिवाय मायबोलीसाठी भारतातल्या ऑनलाईन मीटिंगला बसावं. आपल्याकडचे रात्रीचे आठ म्हणजे लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारचे अडीच आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ. उन्हाळ्यात दोन्हीकडे एक तास पुढे धरायचा.

एखादी मीटिंग मनाला पटली की तिला आपला होमग्रुप मानायचं आणि तिथे एखादं काम मागून घ्यायचं. खुर्च्या लावणं, चहा आणणं, पुस्तकं मांडणं. सातला खुर्च्या लावायच्या आहेत हे डोक्यात असलं की साडेसहाला मित्रांनी मारलेली हाक टाळायला कारण मिळतं.

मधे घसरलात, म्हणजे तिथल्या भाषेत स्लिप झाली, तर शरीराचा त्रास आधी डॉक्टरांना दाखवा आणि त्याच ग्रुपला परत जा. तिथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या बाबतीत हे घडून गेलेलं असतं, परत आलेल्याला कोणी हिणवत नाही. गटारी, धुळवड, लग्नसराई, थर्टीफर्स्ट ही नव्या माणसासाठी कठीण दिवसांची यादी आहे. त्या संध्याकाळी कुठल्या ग्रुपची मीटिंग आहे, हे आठ दिवस आधीच विचारून ठेवा. पुष्कळ ग्रुप ३१ डिसेंबरला मुद्दाम रात्री उशिरापर्यंत मीटिंग ठेवतात. तुमच्या भागात ती कुठे आहे ते लिहून घ्या, आणि जाताना सोबत कोण येणार तेही आधीच ठरवा.